नहराच्या फोनचं कुलूप

भंडाऱ्याच्या माणसाला भांडं कसं घ्यावं हे शिकवावं लागत नाही. आधी ते उचलायचं, हातावर तोलायचं, मग बोटाच्या पेराने टिचकी मारून कान लावायचा. जड असेल आणि आवाज लांबत गेला तर घ्यायचं. ‘थप्’ वाजलं तर गुपचूप खाली ठेवून पुढच्या दुकानी जायचं. माझ्या आईने याच रीतीने घरचे पितळी गुंड घेतले, घंगाळ घेतलं, आणि बायकोचं ऐकाल तर सूनसुद्धा याच रीतीने पाहिली. मी त्याच आईचा मुलगा. मी याच रीतीने सरकारी खात्यासाठी टेलिफोनचा बोर्ड घेतला, आणि आमच्या अख्ख्या गावाचं धान त्या एका टिचकीवर टांगलं.

आणीबाणी उठून गेली होती, त्यानंतरच्या वर्षांतली ही गोष्ट. मी पाटबंधारे खात्याच्या एका लहानशा कार्यालयात वायरमन होतो. साकोलीकडून लाखांदूरकडे जाताना जी धानाची गावं लागतात, त्यांतल्या काहींना एका मोठ्या तलावाचा नहर पाणी देई. तलावापाशी गेट. गेटाच्या खाली कोसभरावर आमचं ऑफिस. तिथून पुढे नहराच्या काठाने एकेक चौकी. आणि पार शेवटी, जिथे नहर बारीक होत होत नालीएवढा उरतो, तिथे शेवटची चौकी. या सगळ्यांना जोडणारी खात्याची स्वतःची फोनची तार खांबाखांबाने गेलेली होती. डाकघराच्या फोनशी तिचा काही संबंध नव्हता. प्रत्येक ठिकाणी हँडल फिरवायचा एक काळा फोन. तार एकच, त्यामुळे कुणीही हँडल फिरवलं की सगळीकडे घंटी वाजायची. कुणीही उचलावं, कुणीही ऐकावं, कुणीही मधे तोंड घालावं. विहिरीच्या पाळीवर जेवढी गुप्तता असते, तेवढीच त्या तारेवर होती.

नहराच्या शेवटच्या टोकाला माझं गाव. धानाच्या शेताच्या एकेका तुकड्याला आमच्याकडे बांधी म्हणतात. माझ्या बापाच्या बांध्या गावातही सगळ्यांत शेवटच्या. तलाव आणि आमचं धान यांच्या मधे सारी दुनिया उभी होती म्हणा ना.

गेटावर एक म्हातारे बाबाजी होते. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. गेट वरखाली करायचं ते फक्त साहेबांचा फोन आला तरच, असा नेम. साहेब पुण्याकडचे. फोनवर आले की आधी दोनदा घसा खाकरायचे, मग म्हणायचे, “हां, मी बोलतोय. लक्षात आलं का?” काही सांगायच्या आधीच लक्षात आलं का असं विचारणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. बाबाजींच्या लेखी साहेब म्हणजे ते दोन खाकरे. चेहरा त्यांना धड कधी दिसलाच नव्हता.

त्या वर्षी पाऊस दिवाळीच्या बराच आधी पाठ फिरवून गेला. धान गर्भात आलेलं. लोंबी बाहेर पडायची आणि दाणा भरायचा तर एक पाणी हवंच. तलावात उरलं होतं ते इतकंच, की प्रत्येक गावाला एकेक पाळी मिळेल. त्यानंतर राम राम.

आता वरच्या अंगाच्या एका गावात एक गडी होता. दंडारीत, म्हणजे आमच्याकडच्या लोकनाट्यात, राजा व्हायचा. अंगात कला, आणि बांधीत धान. तो चौकीवर जायचा, चौकीदाराला बिडी पाजायचा, हँडल फिरवायचा आणि दोनदा खाकरून म्हणायचा, “हां, मी बोलतोय. गेट अजून चार बोटं वर घे. लक्षात आलं का?” बाबाजींच्या लक्षात यायचं. गेट वर जायचं. आमच्या पाळीसाठी राखलेलं पाणी राजेसाहेबांच्या राज्यात वाहून जायचं.

एक दिवस आमच्या गावचे लोक येऊन ऑफिसच्या व्हरांड्यात बसले. ओरडा नाही, घोषणा नाही. नुसते बसले. त्यांत माझा बापही होता. मी पाण्याचा गडू घेऊन गेलो तर त्याने गडू बाजूला सारला.

“तू इथं कायचा पगार घेऊन राह्यला गा?”

“बाबा, मी वायरमन आहो. पानी माह्या हातात नाही.”

“तार त हाये ना तुह्या हातात? तारेतून चोरी होऊन रायली, अन् तू काय घंट्या आयकून राह्यला?”

बाजूचा एक म्हातारा म्हणाला, “राहू दे रे, पोरगा सरकारी झाला. सरकारी मानसाले बांधी नसते, बदली असते.”

सगळे हसले. हसणं असं, की रडणं बरं.

मी तसाच साहेबांकडे गेलो आणि म्हणालो, की मधे एक बोर्ड बसवू. सगळ्या चौक्यांच्या तारा ऑफिसात आणू, गेटाची तार वेगळी ठेवू, आणि कुणाचा आवाज बाबाजींपर्यंत जाऊ द्यायचा ते आपण ठरवू. नहराला जसं गेट, तसं फोनलाही गेट. साहेबांना कल्पना इतकी आवडली, की दोन दिवसांत ती त्यांचीच झाली. मला नागपूरला पाठवताना म्हणाले, “आपल्या कामाचा असेल तो नीट पाहून आण. तुझं गाव टोकाला आहे ना? मग तुलाच जास्त कळेल.”

नागपूरच्या त्या दुकानात दोन बोर्ड शेजारीशेजारी मांडले होते. करडा रंग तोच, उंची तीच, समोर ओळीने बसवलेल्या पितळी पडद्या तेवढ्याच. ज्या चौकीने हँडल फिरवलं, तिची पडदी खाली पडायची. भावही सारखा, म्हणजे तिथूनही सुटका नाही. पाटीवर शेवटचं अक्षर तेवढं वेगळं, एकाचं ए, दुसऱ्याचं बी.

दुकानदार भला माणूस होता. त्याने सगळं समजावून सांगितलं. चूक त्याची नाही, हे मी आजही छातीठोक सांगतो. पहिल्यात प्रत्येक तारेला वेगळी खिट्टी होती. कोणती चौकी गेटाशी थेट बोलू शकेल आणि कोणती नाही, ते आधी ठरवून ठेवलं की बोर्डापाशी माणूस असो-नसो, तेवढंच चालू राहायचं. दुसऱ्यात खिट्ट्यांच्या वर एक लोखंडी पट्टी आणि तिला कुलूप. कुलूप उघडून माणूस समोर बसला तर तो हवं ते जोडून देणार. कुलूप लावलं की सगळं बंद. पक्षीसुद्धा जाणार नाही.

हे तो हिंदीत सांगत होता आणि मी अशी मान हलवत होतो, जणू बोर्ड मीच शोधून काढला आहे. अर्धं कळलं होतं. उरलेलं अर्धं विचारायची लाज वाटत होती.

शेवटी त्याने एकच प्रश्न विचारला. “भाईसाब, बोर्ड पर आपका आदमी हमेशा बैठेगा क्या?”

सगळी मेख त्या प्रश्नात होती. मी काय उत्तर दिलं माहीत आहे? म्हणालो, “बैठेगा क्या? मैं खुद बैठूंगा!”

तरीही निर्णय होईना. बाहेर जाऊन तर्री-पोहे खाल्ले. परत आलो, दोन्हींकडे पाहिलं. पुन्हा बाहेर गेलो, चहा प्यालो. परत आलो. दुकानदार दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला होता. मग माझ्या अंगात आई संचारली. मी पहिला बोर्ड उचलून पाहिला. दुसरा उचलला. दुसरा चांगलाच जड. मग इकडेतिकडे पाहून हळूच टिचकी मारली. पहिला म्हणाला ‘थप्’. दुसरा म्हणाला ‘टण्ण’, आणि ते टण्ण बराच वेळ दुकानात रेंगाळलं. ते वजन त्या पट्टीचं होतं आणि तो आवाज त्या कुलपाचा, एवढं माझ्या डोक्यात आलं नाही.

“हाच द्या,” मी म्हणालो. घराण्याची रीत.

पुढचे काही दिवस मी खांबांवर चढून तारा वेगळ्या केल्या. बोर्ड बसला. चावी मी कमरेच्या करगोट्याला बांधली. चालताना ती मांडीला लागायची आणि मला आपण किल्लेदार असल्यासारखं वाटायचं.

आणि खरं सांगतो, बोर्ड चालला! दुसऱ्याच दिवशी वरच्या चौकीची पडदी पडली. मी फोन कानाला लावला. तिकडून दोन खाकरे आले.

“हां, मी बोलतोय. गेटाचा फोन जोडून दे. लक्षात आलं का?”

साहेब माझ्या समोरच्या खुर्चीत चहा पीत बसले होते. मी उभा राहून त्यांच्यापुढे फोन धरला. “साहेब, तुमचा फोन आहे.”

“कोण आहे?”

“तुम्हीच आहात.”

साहेबांनी फोन घेतला. त्यांनी दोनदा खाकरलं. तिकडूनही सवयीने दोन खाकरे आले. मग खट्. साहेबांनी कप खाली ठेवला आणि मला विचारलं, “मी खरंच असा बोलतो का रे?”

ती गोष्ट आठवडाभर नहराच्या काठाने वाहत गेली. आमच्या गावी माझा मान वाढला. बापाने रविवारी जेवताना मला स्वतःहून वांग्याची भाजी वाढली. म्हणाला, “पेटी बेस आनली रे तू.”

मग आमच्या पाळीचा दिवस आला.

साहेबांनी बेत पक्का आखला होता. त्या दिवशी ऑफिसला सुटी होती. सकाळी जीपने निघायचं, वरच्या गावांची नहरातून पाणी घ्यायची एकेक मोरी बंद करून तिला खात्याचं कुलूप ठोकत टोकापर्यंत जायचं आणि तिथल्या चौकीवरून स्वतः गेटावर फोन करायचा. तोवर गेट बंद. पाणी सुटलं, की मधे कुणी थेंब घेऊ नये. दुसऱ्या दिवशी पहाटे गेट बंद होणार आणि तलावात उरेल ते पलीकडच्या नहराला जाणार, वेळ वरून ठरलेली. दुपारपर्यंत पाणी सुटलं तर ते मध्यरात्री टोकाला पोचेल आणि आमच्या सगळ्या बांध्या भिजतील, असा हिशेब. बाबाजींना साहेबांनी बजावून ठेवलं, “फोनवर माझा आवाज आला तरच गेट उघडायचं. कुणी येऊन काहीही सांगो, उघडायचं नाही.”

निघताना साहेब म्हणाले, “तू चल. तुझं गाव आहे.”

साहेबांच्या जीपमधून मी माझ्या गावात पाणी घेऊन जाणार. आपल्या मागे तो दंडारीतला राजा काही करायला नको, म्हणून मी पट्टी ओढली, कुलूप लावलं, दोनदा ओढून पाहिलं आणि चावी कमरेला बांधून जीपमध्ये चढलो.

तुम्हाला कळलं असेल. मला तेव्हा कळलं नाही.

शेवटच्या चौकीवर अख्खं गाव जमलेलं. कुणीतरी नारळही आणलेला. नहर कोरडा ठाक, तळाला चिखल फाटून त्याच्या वाट्या झालेल्या. नहरापलीकडे धान उभं होतं. हिरवं नव्हतं, पिवळंही नव्हतं. आजारी माणसाच्या कातडीचा जो रंग असतो ना, तसा. पोटऱ्या फुगलेल्या, पण लोंबी बाहेर यायची हिंमत करत नव्हती.

साहेबांनी रुमालाने तोंड पुसलं, दोनदा खाकरलं आणि हँडल फिरवलं. फोन कानाला लावला. पुन्हा फिरवलं. मग जोरात फिरवलं.

“काहीच येत नाही,” ते म्हणाले. “तार तुटली का?”

मी फोन घेतला. तार तुटलेली नव्हती. तुटलेल्या तारेची शांतता वेगळी असते. ही बंद दाराची शांतता होती. आणि त्याच क्षणी चावी मांडीला लागली.

मी फोन हळूच जागेवर ठेवला.

“साहेब,” मी म्हणालो, “बोर्डाला कुलूप आहे.”

“मग?”

“मग सगळं बंद आहे. आपलंही.”

“चावी कुठे आहे?”

मी सदरा वर केला. अख्ख्या गावासमोर, करगोट्याला लटकलेली ती चावी. नारळवाल्याने नारळ हळूच पाठीमागे नेला.

साहेब ओरडले असते तर बरं झालं असतं. ते माझ्याकडे पाहतच राहिले आणि हळू आवाजात म्हणाले, “अरे, चोराला आत सोडू नको म्हटलं होतं. घरमालकालाही बाहेर ठेव असं कुणी सांगितलं?” मग जीपमध्ये चढले. मीही चढायला गेलो. “तू इथेच थांब,” ते म्हणाले. “यांच्याबरोबर.”

जीप धूळ उडवत गेली आणि मी चावीसकट माझ्या गावात उरलो; ती मागून घ्यायचं साहेबांच्याही लक्षात आलं नाही.

आता रस्त्याचं सांगतो. गाड्याची चाकोरी होती ती. सकाळी येताना मोऱ्या बंद करत दुपार झालेली. आता तेवढंच उलटं जायचं. लोक काठावर बसून राहिले. मला कुणी शिवी दिली नाही. एक म्हातारी म्हणाली, “बापू, तुही चाबी इथी कोनत्या भोकात फिरते काय पाय ना.” ती चेष्टा करत नव्हती. तिला खरंच वाटत होतं, की एवढी मोठी चावी आहे, तिचा काहीतरी उपयोग असेलच.

बाप उठला आणि आमच्या बांधीकडे चालू लागला. मी मागे गेलो. तिथे आई गावच्या विहिरीवरून पितळी गुंडाने पाणी आणून भेगांमध्ये ओतत होती. ओतलं की ‘चर्र’ आवाज व्हायचा आणि पाणी दिसेनासं व्हायचं. एक गुंड, एक भेग. तोच तो टिचकी मारून घेतलेला जड गुंड. आयुष्यात पहिल्यांदा आई त्याच्या वजनाला शिव्या देत होती. मी तो तिच्या डोक्यावरून घेतला आणि विहिरीकडे निघालो. करण्यासारखं दुसरं काही नव्हतं, आणि ह्याचाही उपयोग नव्हता. सूर्य कलला तरी आम्ही तिघंही ये-जा करत होतो. तिघांनाही माहीत होतं, की असा बांधीचा एक कोपरासुद्धा भिजत नाही.

गेटावर काय झालं ते नंतर ड्रायव्हरने सांगितलं. जीप पोचली तेव्हा साहेबांच्या घशात दहा गावांची धूळ. आवाज फाटलेला. त्यांनी बाबाजींना सांगितलं, गेट उघड.

बाबाजी म्हणाले, “कोन होय?”

“अरे, मी साहेब!”

“साहेबाचा आवाज मले ठाऊक हाये बापा. तू त दंडारीतला होय. फोन कर, मंग उघडतो.”

साहेबांनी खाकरलं. धुळीमुळे खाकरा भलताच निघाला. बाबाजींनी काठी उचलली. “निघ इथून! साहेबानं सांगतलं, कोनी आला त उघडाचं नाही!” शेवटी ड्रायव्हरने त्यांचा हात धरून जीपच्या सरकारी पाटीवरून फिरवला, तेव्हा कुठे म्हाताऱ्याची खात्री पटली. या सगळ्यात दिवस मावळतीला टेकला. मग गेट वर गेलं.

पाणी टोकाला पोचलं ते दुसऱ्या दिवशी सकाळी. आम्ही गावकरी फावडी घेऊन कोरड्या नहरातून वर चालत गेलो होतो, पाण्याला सामोरे. ते आलं. पुढे वाळली पानं, फेस, मुंग्या. मागे घोट्याएवढं पाणी. एक बाई त्याला हात जोडून तिथेच बसली. आम्ही त्याच्या बरोबरीने खाली चालत आलो, लग्नाच्या वरातीसारखे.

गावात रीत अशी, की पाणी वरच्या बांधीतून खालच्या बांधीत. एक भरली, की धुरा, म्हणजे मधला बांध, फोडून दुसरीत. कुणी उडी मारायची नाही. पहिली भरली. दुसरी भरली. ऊन कलत होतं. मी दर थोड्या वेळाने नहरात जाऊन पाण्यात उभा राहत होतो. आधी घोट्याला लागायचं. मग घोट्याच्या खाली. मग नुसतं तळव्याला.

वर तलावापाशी गेट पहाटेच बंद झालं होतं.

आमच्या वरची बांधी शेजाऱ्याची. तिच्यात पाणी शिरलं, निम्म्यावर आलं आणि थांबलं. पलीकडे धुऱ्याखाली आमचं धान उभं. शेजाऱ्याने आमच्याकडे पाहिलं आणि फावडं उचललं.

“फोडू काय गा? अर्धं तुह्यात जाऊ दे.”

मी बापाकडे पाहिलं. बाप पाण्याकडे पाहत होता. मग म्हणाला, “नको. अर्धं-अर्धं केलं त तुहंही पोचट अन् माहंही पोचट. एकाचं तरी भरू दे.”

शेजाऱ्याने फावडं खाली ठेवलं. आई गुंड घेऊन विहिरीकडे निघून गेली.

पुढे साहेबांनी तो बोर्ड बदलून पहिल्या प्रकारचा आणवला. मला पाठवलं नाही, हे वेगळं सांगायला नको. बाजारात मी आजही काही उचलून पाहत नाही, टिचकी तर मारतच नाही. बायको म्हणते, म्हणून आपल्या घरची सगळी भांडी फुटकी. तिला म्हणू देतो.

त्या वर्षी कापणीच्या वेळी मी गावी गेलो होतो. शेजाऱ्याची कापणी चालली होती. आमचं धान बापाने बैलांच्या चाऱ्यापुरतं कापायला घेतलं होतं. मला पाहून तो उठला, शेजाऱ्याच्या धुऱ्यावरून एक पेंढी घेतली, आमच्यातली एक घेतली आणि दोन्ही माझ्यापुढे धरल्या. दोन्ही पिवळ्याधमक, दोन्हींच्या लोंब्या तेवढ्याच लांब. लांबून पाहणाऱ्याला काही फरक कळला नसता.

“घे,” तो म्हणाला. “उचलून पाय. सांग, कोनती घेशील?”

मी दोन्ही हात पुढे केले. एक हात खाली गेला. दुसरा तिथेच राहिला.